बॅरनच्या लेकी

ड्रमेन,
११ फेब्रुवारी २०११

प्रिय इनिस,

तू, शोना आणि छोटी खुशाल असाल. इकडे आम्हीही ठीक आहोत. थंडी हटायचं नाव घेत नाही. वरच्या कुरणातल्या हौदाचं पाणी रोज सकाळी कुऱ्हाडीनं फोडावं लागतं आणि मी गोठ्यापर्यंत परत येते तोवर दुधावर साय धरावी तसा त्यावर पुन्हा बर्फ धरतो. आईच्या थडग्याचा दगड कलला होता, तो नीट बसवून घेतला. बाबांचा गुडघा कुरकुर करतो, पण काठी धरत नाहीत. काठी गुरं वळायला असते, म्हणतात.

नाताळात तू पाठवलेलं कार्ड मिळालं. छोटीचा फोटो मी दिवाणखान्यात ठेवलाय. मी स्वयंपाकघरात आहे असं समजून बाबांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. कपाळ अगदी आईचं आहे रे तिचं.

गायी विऊ लागल्यात. या वर्षी सुरुवात काही बरी झाली नाही, थोडी वासरं गेली. असं होतं कधीकधी, तुला ठाऊकच आहे.

इथवर लिहून मी उठले होते. कुत्र्याला बाहेर सोडलं, भांडी घासली, चुलीत लाकडं घातली. आता पुन्हा बसलेय आणि ज्यासाठी कागद घेतला होता ते लिहिते. 'असं होतं कधीकधी' हे खरं नाही. असं आपल्याकडे कधीच झालेलं नाही.

पहिली गेली ती एक पहिलटकरीण कालवड. सकाळपासून कळा देत होती. वासराचे पाय दिसत होते, पण हात लावला तर लाकूड. गुडघा वाकेना, खूर वळेना. बाबांनी दोर बांधला आणि आम्ही दोघांनी ओढलं. वासरू आलं ते पाठ पिळवटलेलं, चारी पाय ताठ, मेलेलं. कालवड आतून फाटली होती. तिला उठताच आलं नाही. बाबा म्हणाले, आडवं आलं होतं, नशीब तिचं. मीही तसंच धरून चालले. मग दुसरीचं तसंच झालं. तिसरीच्या वेळी बाबा नको म्हणत असताना मी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. म्हातारे डॉक्टर आता येत नाहीत, त्यांच्या जागी गेडिसबाई आहेत. त्यांनी कूस कापून वासरू काढलं, गाय वाचवली. मग नळाखाली हात धूत बाबांना विचारलं, या तिन्ही गायी कुणाच्या?

"आमच्या जुन्या वळूच्या, बॅरनच्या," बाबा म्हणाले. "दोन लेकी, एक नात."

"आणि आताचा वळू?"

"बॅरनचाच नातू."

बाईंनी नळ बंद केला. मग सगळं समजावून सांगितलं. दोष रक्तात आहे. एकाच बाजूनं आला तर जनावर धडधाकट दिसतं, जन्मभर कळत नाही. आई आणि बाप दोघांकडून आला की वासरू पोटातच ताठरतं. बाबा ऐकून म्हणाले, बॅरनमध्ये खोट नव्हती, माझ्या हाताखाली वाढलाय तो. बाई म्हणाल्या, "तो धडधाकट होता म्हणूनच तर तुम्ही त्याला इतका वापरलात."

त्यांनी सगळ्या कळपाचं रक्त तपासायला पाठवलं. उत्तर आलंय. आपल्या बहुतेक गायींमध्ये तो दोष आहे.

आता नीट वाच. शरद ऋतूत गुरांच्या बाजारात आपला शेजारी सँडी भेटला होता. म्हणाला, इनिसनं दक्षिणेतून वळू आणलाय, त्याची आजी ड्रमेनच्याच गोठ्यातली. पोरगं घर सोडून गेलं आणि घरचंच रक्त विकत घेऊन बसलं. सगळे हसले, मीही हसले. तुझ्याकडच्या कालवडी तू जाताना नेलेल्या गायींच्याच पोटच्या ना? मग त्या त्याच वळूपासून गाभण असणार. सगळ्यांचं वाईट होईल असं नाही, पण काहींचं होईल. त्यांचं रक्त लगेच तपासून घे. आणि व्यायला बसलेल्या कालवडीच्या वासराचे पाय ताठ लागले तर दोर लावू नकोस. शोनालाही लावू देऊ नकोस. डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, कूस कापावी लागेल. तुझ्या अंगात जोर आहे आणि धीर नाही, म्हणून दोनदा लिहिते: ओढू नकोस.

दोन वेळा फोन केला होता. आपल्या घरचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मी लिहितेय हे बाबांना माहीत नाही. घर सोडलंस त्या दिवशी जेवताना तू त्यांना म्हणाला होतास, आपण लेकीला बापाच्याच कुरणात परत सोडतोय, हे एक दिवस अंगाशी येईल. आणि ते म्हणाले होते, बाहेरच्या रक्ताची हौस असेल तर बाहेर जा. मी वाढत होते, माझ्या हातात बटाट्यांचं भांडं होतं. मला दोघांचे शब्द आठवतात, तर त्यांना आठवत नसतील का? एवढी विनंती आहे की उत्तरात ते काढू नकोस. घरातलं टपाल तेच फोडतात.

शोनाला आणि छोटीला माझं प्रेम सांग.

तुझी,
एल्सी


ड्रमेन,
३ एप्रिल

प्रिय इनिस,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. दोन कालवडींची कूस कापावी लागली, वासरं गेली, पण कालवडी दोन्ही उभ्या आहेत हे मी गोठ्याच्या पायरीवर दोनदा वाचलं. बाकीच्यांची वासरं चांगली निघाली, ती तशीच वाढोत. तू जुनं काही काढलं नाहीस, त्याबद्दल तुझे आभार मानते. फक्त शेवटी एक प्रश्न विचारलास: बाबांनी स्वतः का नाही कळवलं?

त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. जे झालं ते सांगते.

गेडिसबाई म्हणाल्या की आपल्याकडून ज्यांनी ज्यांनी वळू नेले त्या सगळ्यांना पैदासकारांच्या संस्थेकडून पत्रं जातील. बाबा म्हणाले, माझ्या वळूची खोट लोकांना टपालानं कळणार का? दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, आईच्या अंत्यविधीला घातलेला काळा कोट काढला, टाय बांधला आणि मला गाडी काढायला सांगितली. त्या आठवड्यात आम्ही एकेक शेत गाठलं. प्रत्येक दारात ते टोपी काढायचे आणि तेच बोलायचे: माझ्याकडून घेतलेल्या वळूत दोष आहे, मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं. कुणी आत बोलावून चहा दिला. एकानं नुसतं ऐकलं आणि दार लावून घेतलं. एकानं विचारलं, मग त्या वळूच्या बापाला मिळालेला चषकही परत करणार का? बाबा म्हणाले, करणार. आणि केला.

नोरा लीथकडे जायचं त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिचा नवरा जिम गेल्या वर्षी गेला, ते मी तुला कळवलं होतं. आता ती एकटीच सगळं बघते. आम्ही पोचलो तेव्हा मेलेली गुरं नेणारी गाडी तिच्या फाटकातून बाहेर पडत होती. नोरा अंगणात बादली खंगाळत होती, कोपरापर्यंत हात लाल. तिनं एकटीनंच वासरू ओढलं होतं आणि गाय गेली होती. बाबांनी टोपी काढली आणि आपलं वाक्य म्हटलं.

"म्हणजे तो जो खाली चरतोय, तो?" नोरानं विचारलं.

"हो."

"आणि ज्या गाभण आहेत त्या?"

"काही सुटतील. काही नाही सुटायच्या."

तिनं बादली उपडी ठेवली. "जिमनं आजारात तो वळू घेतला. मला म्हणाला, ड्रमेनचा आहे, आता माझ्यामागं तुला काही बघायला नको."

टोपी हातात धरून ते तिथंच उभे राहिले. नोरा त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही हाकलून देणार. तिनं हाकलावं असंही मला वाटत होतं, म्हणजे निदान तिथून निघता आलं असतं.

"असे पुतळ्यासारखे उभे राहू नका," ती म्हणाली. "आत अजून एक कण्हतेय. कोट काढा."

बाबांनी तो काळा कोट कुंपणावर टाकला आणि आत गेले. गेडिसबाई येईपर्यंत त्यांनी त्या गायीचं डोकं मांडीवर धरलं होतं. वासरू तसंच निघालं, ताठ. गाय वाचली. नोरानं आम्हाला गरम सूप आणि ओटची बिस्किटं दिली आणि तिघांनी एकाच टेबलावर खाल्ली. निघताना तिनं बाबांना कोट घालायला मदत केली. मी नाही, तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर बाबा कोट घालून गाडीत बसलेले. म्हणाले, इनिसकडे जायचंय. मी किल्ली घेऊन निघाले. पर्थ गावापर्यंत ते रस्त्याकडेच्या कुरणांमधली गुरं बघत होते, ती कुणाची ते नावानिशी सांगत होते. पर्थ मागं पडल्यावर म्हणाले, गाडी वळव.

मी गाडी कडेला घेतली. "काय झालं?"

"त्याला काय सांगू मी? तो बरोबर होता हे त्याला तेव्हापासून माहीत आहे."

"वासरांचं तर सांगाल. त्याच्या कालवडी मरतील."

त्यांनी पुन्हा हातानंच मागं वळायची खूण केली. तेव्हा मी सांगितलं की मी तुला कधीच लिहिलंय. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बरं केलंस, एल्सी. माझ्याकडून झालं नसतं."

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सगळ्या जगाच्या दारात जाऊ शकले आणि तुझ्या दारात नाही.

पत्र इथं संपवता आलं असतं. पण तू पुन्हा लिहिशील की नाही, आणि मला पुन्हा लिहायला जमेल की नाही, ठाऊक नाही.

गेडिसबाईंनी परोपरीनं सांगितलं की दोषी गायी मारायची गरज नाही. निर्दोष वळू आणा, वासरं जिवंत निघतील, पुढच्या पिढ्यांत निवडत जा. बाबा म्हणाले, माहीत असून मी हे रक्त पुढं कुणाच्या गळ्यात घालणार नाही. मी भांडले. त्यांच्याशी इतकं मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. उपयोग झाला नाही. मार्चच्या शेवटी कत्तलखान्याचे ट्रक आले. बाबा ट्रकला लावलेल्या फळीजवळ उभे राहिले आणि प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून तिचं नाव घेत तिला वर चढवलं. ट्रकवाला थांबून राहिला, त्यानं घाई केली नाही. ज्यांच्या रक्तात काही निघालं नाही अशा मूठभर गायी उरल्यात, बस.

हेदर चढेना. तुला हेदर आठवते ना? बॅरनच्या थेट लेकींपैकी तीच एक उरली होती. तिचे मागचे पाय गेले होते. बाबा म्हणाले, ही ट्रकमधून जाणार नाही, हिचं मी इथंच करतो. ट्रक गेले. मी गोठा धुवायला घेतला. गोठ्यामागून बंदुकीचा आवाज आला तेव्हा माझ्या हातात पाण्याची नळी होती. मला ठाऊक होतं काय आहे ते, मी धूत राहिले.

धुणं झालं तरी ते घरात आले नव्हते. ऊन उतरायला लागलं होतं. मी पुन्हा गोठ्यात गेले तर ते पलीकडच्या टोकाला गव्हाणीच्या काठावर बसलेले, बंदूक मांडीवर आडवी.

"काय करताय?"

"बसलोय."

"बंदूक कपाटात ठेवायची राहिली."

"राहू दे जरा."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी मोरी तुंबल्याचं सांगितलं. पाणी कसं मागं येतंय, कुठल्या वळणावर गवत अडकलं असेल. ते ऐकत होते. बोलता बोलता मी बंदुकीवर हात ठेवला. त्यांनी एकेक बोट सोडलं. बाहेर नेऊन मी ती उघडली. आत एक काडतूस भरलेलं होतं, नवं. हेदरला एकच लागलं होतं.

बंदुका आता पोलीस ठाण्यात आहेत. हवालदारानं माझ्याकडे बघून पावती केली, आणि बाबा कसे आहेत एवढंच म्हणाला.

इनिस, मी हे कुणाजवळ बोललेले नाही. दिवसभर मी त्यांच्यावर नजर ठेवते आणि त्यांना कळतं की मी नजर ठेवतेय. ते बाहेर गेले की मी खिडकीशी, ते वर गेले की मी जिन्याखाली. दोराचं वेटोळं, औषधाच्या बाटल्या, सगळं लपवून ठेवलंय आणि आता मलाच ते सापडत नाही. असं किती दिवस चालेल माहीत नाही.

तू बरोबर होतास. त्यांनी हे तुझ्या तोंडावर म्हणावं म्हणून तू थांबला असशील, तर त्यांच्या वतीनं मी म्हणते. आता ये.

एल्सी


ड्रमेन,
१२ जून

प्रिय इनिस,

पार्सल मिळालं असेल. त्यात बाबांचे लोकरी मोजे, दाढीचं सामान आणि चष्मा आहे. चष्मा ते मुद्दाम विसरले असणार. मुद्दाम असलं तरी घालायला लाव.

तू आलास, राहिलास आणि त्यांना घेऊन गेलास, त्यात आपल्या दोघांना नीट बोलायला मिळालंच नाही. म्हणून लिहिते. तू गाडीतून उतरलास तेव्हा मी खिडकीत होते. मला वाटलं होतं काहीतरी होईल, रडारड, भांडण, काहीही. तू म्हणालास, गुडघा कसा आहे? ते म्हणाले, आहे. संपलं. मग दोन दिवस तुम्ही दोघं वरच्या कुरणाचं कुंपण दुरुस्त करत होतात. त्या कुरणात एक जनावर नाही, आणि खुंट किती खोल गाडायचा यावरून तुमची जुंपली होती. मी खाली कणीक मळत होते आणि तुमचा आवाज ऐकून मला किती दिवसांनी भूक लागली.

तिसऱ्या दिवशी जेवताना तू म्हणालास, माझ्याकडे चला, मला कामाला हात कमी पडतात.

बाबा म्हणाले, "तुझ्याकडे बाहेरचं रक्त आहे ना?"

तू म्हणालास, "आता आहे."

"मग बघायला हवं एकदा."

यापेक्षा जास्त ते कधी बोलतील असं मला वाटत नाही. यातलं काय घ्यायचं ते तू घेतलं असशील.

आता मला जे ठाऊक आहे ते सांगते. सकाळ वाईट असते, उठल्यापासून पहिला तास. तेव्हा काही विचारू नका, ओटची लापशी समोर ठेवून आपलं काम करत राहा, खातात. गोठ्यात एकटं जाऊ देऊ नका, पण कुणीतरी राखण करतंय असंही वाटू देऊ नका. छोटीला सोबत पाठवा, तिच्यापुढं ते सावरून असतात, असं शोना फोनवर म्हणाली. तुझी बंदूक घरात ठेवू नकोस, कुलपाचं कपाट असलं तरी. आणि 'बसलोय' म्हणाले, की हातातलं टाकून शेजारी जाऊन बस.

पिशवी गाडीत ठेवताना तू मला विचारलंस, तू काय करणार एल्सी? आणि उत्तर ऐकायच्या आत डिकी लावलीस. मला राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहूनच टाकते. तू गेलास तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं, आणि बाबांनी सगळ्या गायी ट्रकमध्ये चढवल्या तेव्हाही नाही. त्यातल्या निम्म्या मी बाटलीनं पाजून वाढवल्या होत्या. गाडीत बसताना बाबा मला म्हणाले, खालचं फाटक लावून घेत जा. माझ्यासाठी त्यांच्याकडे तेवढंच होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी खरंच जाऊन फाटक लावलं आणि तिथंच उभी राहून मोठ्यानं रडले. कुरणात ऐकायला कोणी नव्हतं.

तर उत्तर. मी इथंच राहणार. विकायचा विषय निघाला तर माझ्या गैरहजेरीत काढू नका. उरलेल्या गायींसाठी मी वळू बघितलाय. तांबूस आहे, आपल्या काळ्या गायींमध्ये विचित्र दिसेल, कुठल्याही प्रदर्शनात कुणी त्याच्याकडे दोनदा बघायचं नाही. पण रक्त तपासलेलं आहे आणि बॅरनशी दूरचंही नातं नाही. बाबांच्या हयातीत तांबडं वासरू या गोठ्यात जन्मेल असं मला कधी वाटलं नव्हतं. जन्मेल, असं दिसतंय. फार आनंद होतो असं नाही. रिकाम्या गोठ्यात बोललं की आवाज परत येतो, त्याची मला अजून सवय व्हायचीय. संध्याकाळी मी रेडिओ लावून ठेवते आणि कुठलं स्टेशन आहे हे मला सांगता येत नाही.

आणखी एक, मग थांबते. आपल्याकडे माणसाला त्याच्या शेताच्या नावानं हाक मारतात. मला आठवतं तेव्हापासून ड्रमेन म्हणजे बाबा, त्याआधी आजोबा, आणि मी नुसती एल्सी; एल्स्पेथ हे पूर्ण नाव कागदोपत्रीच. काल मी फाटकाजवळ गवत कापत होते. नोरा तिच्या ट्रॅक्टरवरून चालली होती. तिनं इंजिन बंद केलं आणि रस्त्यावरून हाक मारली, "ड्रमेन."

मी मागं वळून पाहिलं. बाबा उभे असतील म्हणून.

"तुलाच बोलावतेय," ती म्हणाली. तिच्या विहिरीचा पंप बिघडला होता, आपला मिळेल का विचारत होती. मी दिला.

हे बाबांना सांगायचं की नाही, ते मला ठरवता आलेलं नाही. तू त्यांच्याजवळ आहेस. त्यांचा चेहरा बघ आणि ठरव.

एल्स्पेथ